पाणओठा

कोणाचा हात भांडायला शिवशिवतो, कोणाचा पैसे उडवायला. प्रूफबाईंचा शिवशिवायचा तो चूक दिसली की. औषधाच्या खोक्यातला कागद असो, लिफ्टमधली पाटी असो, नाहीतर शेजाऱ्यानं दाराला चिकटवलेली ‘कृपया दार हळु लावावे’ ही सूचना असो. बाई पर्समधून लाल पेन काढायच्या, ‘हळू’चा उकार दीर्घ करायच्या आणि मगच त्यांना घरी येऊन चहा गोड लागायचा. शेजारी बिचारा काही बोलायचा नाही. बोलून सांगतो कोणाला? उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेली बाई. भल्याभल्या लेखकांची वाक्यं तिनं सोलून ठेवलेली, तिथे शेजाऱ्याची काय पत्रास!

निवृत्त झाल्या आणि पंचाईत झाली. घरात छापील म्हणून जे होतं ते सगळं तपासून संपलं, तेव्हा बाई नवऱ्याच्या बोलण्यातल्या चुका काढायला लागल्या. नवरा घड्याळजी. जेवायच्या टेबलाच्या एका टोकाला डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करायचे. एक दिवस ते भिंग न काढताच म्हणाले, “अगं, जगात ढिगानं चुका पडल्यात. माझ्या एकट्याच्या मागे का लागलीस?” आणि त्यांनी बाईंना कॉम्प्युटरवर तो ज्ञानकोश उघडून दिला, ज्यात कोणीही लिहावं आणि कोणीही सुधारावं. मांजराला दुधाची डेअरी दाखवावी तसं झालं.

त्या ज्ञानकोशात एक पद्धत होती. आपला लेख उत्तम ठरावा असं ज्याला वाटे, तो लेख रांगेत लावी. मग कोणी परीक्षक पुढे येई, लेखाच्या मागे असलेल्या चर्चापानावर आपले शेरे लिही, लेखक दुरुस्त्या करी, आणि सगळं मनासारखं झालं की परीक्षक लेखाला तारा देई. पगार नाही, चहा नाही, ओळख नाही पाळख नाही. प्रत्येकानं एक टोपणनाव घ्यायचं. बाईंनी घेतलं ‘लालपेन’. थोड्याच दिवसांत लेखक लालपेनाला टरकून राहायला लागले.

रांगेत एक लेख फार दिवस पडून होता. एका राज्य उद्यानाचा. डोंगर, तलाव, जंगल, टेहळणीचा मनोरा. बाई रोज तो ओलांडून पुढे जायच्या, कारण त्याच उद्यानात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. वडील तिथले वनरक्षक. फाटकाजवळ दोन खोल्यांचं सरकारी घर, त्यात आई, बाबा, बाई आणि धाकटा भाऊ. आणि या धाकट्याशी बाईंचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. उद्यान म्हटलं की भाऊ आठवायचा, आणि भाऊ आठवला की बाई दुसराच कुठला तरी लेख उघडायच्या. लोखंडी पूल, बटाट्यावरचे रोग, काहीही.

भांडण झालं होतं बाबांवरून. आई गेल्यावर बाबा थकले, चालताना तोल जायला लागला, तेव्हा बाई त्यांना शहरात आपल्या चौथ्या मजल्यावर घेऊन आल्या. धाकट्याची उद्यानाच्या पायथ्याशी रोपवाटिका होती. तो बाबांना सोडायला तयार नव्हता. पण गडी एकटा, दिवसभर रोपांत, घरात बघणारं कोणी नाही. त्याच्याकडे ठेवायचे तरी कसे? बाबा बाईंकडे राहिले आणि एका हिवाळ्यात झोपेतच गेले. सगळी माणसं बसलेली असताना धाकटा म्हणाला, “ताई, तू बाबांना कुंडीत लावलंस.” बाई म्हणाल्या, “तू तर तेवढंही पाणी घातलं नसतंस.” झालं. दोघांनाही आयुष्यात इतकं नेमकं कधी सुचलं नव्हतं, ते नेमकं त्याच दिवशी सुचायचं होतं. त्यानंतर फोन नाही, येणं-जाणं नाही. तो मानी, तर या सवाई मानी. पहिलं पाऊल टाकायचं कोणी, यात वर्षं गेली, आणि आता तर टाकायचं म्हटलं तरी कुठून टाकावं ते कळेना.

मग एक दिवस बाईंनी तो लेख उघडला. का, ते विचारू नका, त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

लेख कसला, सजवलेला हत्ती होता. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले हे नयनरम्य उद्यान म्हणजे पर्यटकांसाठी जणू पर्वणीच असून येथील मनमोहक तलाव पाहताच डोळ्यांचे पारणे फिटते.’ पहिलंच वाक्य. बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

‘निसर्गाला कूस नसते,’ त्यांनी चर्चापानावर लिहिलं. ‘नयनरम्य आणि मनमोहक हे लेखकाचे मत झाले, माहिती नव्हे. डोळे कोणाचे? पारणे कोणते? तलावाची खोली द्या, आणि ती कुठून घेतलीत तेही द्या.’

लेखकाचं टोपणनाव होतं ‘बिनघाईचा’, आणि माणूस नावाला जागणारा होता. लालपेनाचा शेरा आला की बाकीचे लेखक धावत उत्तर द्यायचे. यानं चांगले दोन-तीन दिवस घेतले.

‘कूस काढली. पारणे काढले. खोली वन विभागाच्या अहवालात मिळाली, ती जोडली आहे. नयनरम्य तेवढे राहू द्यावे ही विनंती.’

‘विनंती अमान्य,’ बाईंनी लिहिलं.

‘बरं.’

बाईंना ते ‘बरं’ आवडलं. लेखक म्हणवणारी माणसं एका विशेषणासाठी तलवार उपसतात, हे त्यांनी छापखान्यात पुष्कळ पाहिलं होतं.

काम सुरू झालं. ‘उद्यानाची स्थापना फार पूर्वी झाली.’ फार पूर्वी म्हणजे कधी, लालपेनानं विचारलं, तेव्हा डायनासोर होते का? बिनघाईच्यानं जुनं सरकारी राजपत्र शोधून साल घातलं. ‘हरणे मुबलक आहेत.’ कोणी मोजली? उत्तर आलं: ‘वन विभाग दरवर्षी मोजतो, आकडे दिले आहेत. गेल्या वर्षी एक हरीण दोनदा मोजले गेले असा माझा संशय आहे. पण त्याला संदर्भ नाही, म्हणून लेखात घातले नाही.’

बाई मोठ्यानं हसल्या. घड्याळजींनी मान वर केली, भिंगातूनच बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा काट्यांत डोकं घातलं.

असे आठवडे गेले. बाई सकाळी उठल्या की चहाचं आधण ठेवायच्या आधी चर्चापान उघडून बघायला लागल्या. उत्तर नसलं की दिवसभर घरात भांडी आपटायची. उत्तर असलं की घड्याळजींना दोनदा चहा मिळायचा. तिकडे लेखाचं रूप पालटत होतं. मनोऱ्याच्या पायऱ्या आल्या, वणव्यात जळालेला उतार आणि तिथे पुन्हा लावलेली झाडं आली, तलाव आटला तेव्हा उघडा पडलेला जुना बांध आला. नयनरम्य हा शब्द शोधून सापडला नसता, आणि आता कुठे ते उद्यान नयनरम्य दिसायला लागलं होतं. वाचता वाचता बाईंच्या तळपायांना तिथली माती लागायची. फाटकाजवळचं ते दोन खोल्यांचं घर अजून उभं आहे का, हे या भल्या माणसाला विचारावं असं त्यांना फार वाटे. पण परीक्षकानं असले घरगुती प्रश्न विचारायचे नसतात. बाई गप्प बसायच्या आणि अनुस्वार तपासायच्या.

मग एका नव्या परिच्छेदात ते वाक्य आलं. ‘उद्यानाच्या पूर्व भागात वन्य प्राण्यांसाठी तीन पाणओठे आहेत.’

एवढी साधी चूक सांगायची काय, म्हणून बाईंनी स्वतःच ‘पाणवठे’ केलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर पुन्हा ‘पाणओठे’. बाईंनी पुन्हा दुरुस्त केलं आणि शेरा मारला: ‘शुद्ध रूप पाणवठा. शब्दकोश पाहावा.’ पुन्हा ‘पाणओठे’, आणि या वेळी खाली उत्तर, तेही त्याच दिवशी, बिनघाईच्याला न शोभणाऱ्या घाईनं:

‘शब्दकोश पाहिला. शब्दकोशात चूक आहे. वठायला ते काय झाड आहे? प्राणी ओठ लावतात म्हणून पाणओठा.’

बाईंचा हात माउसवरच थांबला.

हे वाक्य त्या घरातल्या चार माणसांपलीकडे कोणी ऐकलेलं नव्हतं, आणि त्या चारांतली दोन आता नव्हती.

उद्यानातल्या पाट्या बाबाच रंगवायचे. बाई नुकत्या कुठे चांगलं वाचायला लागल्या होत्या, फ्रॉकमधल्या होत्या, तेव्हा एका ओल्या पाटीसमोर कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, “बाबा, हे चुकलंय. पाणवठा पाहिजे.” त्यांनी पकडलेली ती पहिली चूक. बाबा उकिडवे बसून ब्रश धूत होते. जराही न चिडता म्हणाले, “पाणवठा कसा होईल गं? वठायला ते काय झाड आहे? वठलं म्हणजे तर वाळलं. इथे प्राणी येतात, ओठ लावतात, म्हणून पाणओठा.” शेजारी बसलेला धाकटा, नाकाला पांढरा रंग, हसून हसून मागे पडला. पुढे कित्येक वर्षं त्या घरात पाण्याच्या माठाला पाणओठाच म्हणायचे. बाबा निवृत्त झाल्यावर वन विभागानं नव्या पाट्या लावल्या, त्यांवर शुद्ध शब्द आला, आणि बाबांचा शब्द जगातून पुसला गेला.

बाईंनी लेखाचा जुना मसुदा काढला आणि पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. निसर्गाची कूस. पर्वणी. डोळ्यांचे पारणे. अरे कर्मा. धाकट्याला शाळेत निबंध म्हणून लिहिता यायचा नाही. त्याचे सगळे निबंध ताईच लिहून द्यायची, आणि शाळकरी ताईला तेव्हा नयनरम्य, मनमोहक आणि जणू पर्वणी यांच्याशिवाय निबंध होतो हेच माहीत नव्हतं. पोरानं लिहिणं म्हणून जे आयुष्यात पाहिलं ते एवढंच. इतकी वर्षं ते जपून ठेवलं आणि उद्यानाबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा तेच काढलं. बाई गेले कित्येक आठवडे ज्या वाक्यांची साल काढत होत्या ती त्यांची स्वतःचीच होती.

“अहो,” त्या म्हणाल्या. “हा बिनघाईचा म्हणजे आपला धाकटा आहे.”

“मला वाटलंच होतं,” घड्याळजी म्हणाले.

“वाटलंच होतं? कशावरून?”

“तू हसत होतीस.”

बाईंनी त्यांना पाटीवरच्या पाणओठ्याची सगळी गोष्ट सांगितली. मग म्हणाल्या, “आणि त्याला? त्याला ठाऊक असेल, मी आहे ते?”

घड्याळजींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. “लालपेन नाव घेऊन, डोळे कोणाचे आणि पारणे कोणते असं विचारणाऱ्या बायका जगात किती असतील असं तुला वाटतं? त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ठाऊक असून बोलणी खातोय. तो ओठही त्यानं मुद्दाम घातला असणार.”

“मग आता काय करू?”

“काय करायचंय? तारा दे त्याला. बरा झालाय ना लेख?”

बरा झाला होता. प्रश्नच नव्हता. पण ज्ञानकोशाचा एक नियम होता, आणि ज्या बाई शेजाऱ्याचा उकार सोडत नव्हत्या त्या तो सोडणार थोड्याच? लेखकाच्या नात्यातल्या माणसानं परीक्षण करायचं नाही. कळलं की तिथल्या तिथे सांगायचं आणि बाजूला व्हायचं. लेख पुन्हा रांगेच्या शेवटी जातो, चर्चा बंद होते.

चर्चा बंद होते, इथेच बाईंचं घोडं अडलं. इतक्या वर्षांनी भाऊ त्यांच्याशी बोलत होता, मग ते हरणांबद्दल का असेना. हे बंद झालं तर पुढे काय? ‘हो ताई, मीच’ म्हणायचं असतं तर त्यानं कधीच म्हटलं असतं. या आडोशाला बसून बोलणं त्याला जमत होतं, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही जमत होतं. आडोसाच काढला तर तो उठून जाईल. बाईंना भीती वाटली. छापखान्यातल्या मालकाला कधी न घाबरलेल्या बाईंना आपल्या धाकट्या भावाची भीती वाटली.

म्हणून त्यांनी तेच केलं जे तुम्ही-आम्ही करतो. दिवस ढकलले. नसलेल्या चुका काढल्या. इथे स्वल्पविराम हवा, तिथे नको, हे वाक्य आधी घ्या, ते नंतर. बिनघाईचा निमूट सगळं करत होता. शेवटी एकदा त्यानं लिहिलं, ‘हा स्वल्पविराम मागच्या आठवड्यात आपणच घालायला सांगितला होता.’

बाईंना स्वतःची लाज वाटली. एवढ्या वयाची बाई, आणि भावाशी बोलता यावं म्हणून स्वल्पविराम आत-बाहेर करतेय. त्यांनी चर्चापान उघडलं आणि लिहायला घेतलं.

‘काही वैयक्तिक कारणास्तव…’ खोडलं. दुसऱ्या कोणी असं लिहिलं असतं तर बाईंनीच विचारलं असतं, कारण कोणते? ‘लेखकाशी माझा पूर्वपरिचय असल्याने…’ तेही खोडलं. पूर्वपरिचय म्हणे! ज्याचं नाक पुसलं, ज्याचे निबंध लिहिले, त्याच्याशी पूर्वपरिचय? अखेर त्यांनी सरळ लिहिलं:

‘या लेखाचे परीक्षण मी थांबवत आहे. कारण नाते. लेखक माझा धाकटा भाऊ आहे. पाणओठा हा शब्द आमच्या वडिलांचा आहे.’

‘आहे’ आणि ‘होता’ यांवर त्या फार अडखळल्या नाहीत. ‘आहे’च बरोबर होतं. त्यांनी बटण दाबलं, संगणक बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसत राहिल्या.

संध्याकाळी ज्ञानकोशाच्या कोणा अनोळखी कारभाऱ्याची ओळ आली: ‘नोंद घेतली. लेख पुन्हा रांगेत लावत आहोत. आजवरच्या कामाबद्दल आभार.’ त्याखाली रेघ. त्या रेघेखाली काही नाही.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घड्याळजी म्हणाले, “त्याला घाई नसते, तुला माहितेय.” पण त्यांच्याही आवाजात जोर नव्हता. बाईंनी मनाशी धरलं की संपलं. आपण नियमाला धरलं आणि भावाला सोडलं. त्या दिवशी त्यांना खूप दिवसांनी बाबा दिसले, चौथ्या मजल्याच्या खिडकीत बसलेले, खाली उभ्या गाड्यांकडे बघणारे. बाबांना इथे बरं वाटत होतं की नव्हतं? बाईंनी हे बाबांना कधी विचारलं नव्हतं. उत्तराची धास्ती होती. आणि आता विचारायला एकच माणूस उरला होता, जो बाबांना त्यांच्याइतकाच ओळखत होता, आणि तोही हातचा गेला.

आठवडा उलटल्यावर एका दुपारी, करायला काही नाही म्हणून, त्यांनी ते पान पुन्हा उघडलं. रेघेखाली रिकामंच होतं. वर त्यांचा शेवटचा मजकूर होता. सवयीनं बाई तो प्रूफ तपासल्यासारखा वाचत गेल्या, एकेका शब्दावर बोट ठेवून.

‘लेखक माझा धाकटा सख्खा भाऊ आहे.’

बोट थांबलं. त्यांनी ‘सख्खा’ लिहिलं नव्हतं. नक्कीच नव्हतं.

त्यांनी बदलांचा इतिहास काढला. बदल कालचा होता, बिनघाईच्याचा. ज्ञानकोशात चर्चापानावर दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुराला हात लावायला सक्त मनाई. बाईंनी या एका गोष्टीवरून किती जणांची हजेरी घेतली असेल. बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत त्यानं लिहिलं होतं: ‘एक शब्द राहिला होता.’

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला घड्याळजी एका मनगटी घड्याळाचा पट्टा बसवत होते.

“माझ्या लिहिण्यात चूक निघाली,” बाई म्हणाल्या.

“तुझ्या?” घड्याळजींनी मान वर केली. “कोणी काढली?”

“माझ्या भावानं,” बाई म्हणाल्या, आणि तो शब्द तोंडातून निघाल्याबरोबर त्यांना रडू फुटलं. रडत रडतच त्यांनी हात पुढे केला आणि फोन मागितला. नंबर त्यांना पाठ होता.